पाठ फिरवण्याची सोय

पुण्यात सारसबागेच्या शेजारी असलेल्या पेशवे पार्कात आज गेलात तर वाघ-सिंह दिसणार नाहीत. 'फुलराणी' दिसेल. ऊर्जा या विषयावर बेतलेली खेळणी दिसतील, म्हणजे पायडल मारलं की काहीतरी फिरतं, अशी. 1953 मध्ये महापालिकेनं इथं प्राणिसंग्रहालय सुरू केलं, 1956 मध्ये ही छोटी रेल्वे आली, आणि पुढची चार दशकं बाहेरगावाहून आलेल्या पोरांना हे दोन्ही दाखवणं हे पुण्यातल्या नातेवाइकांचं कर्तव्य होऊन बसलं. नंतर प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलवले. रेल्वे तिथंच राहिली.

माझी मावशी त्या बाहेरगावच्या पोरांपैकी एक. शिरोळहून एसटीनं आली होती. पेशवे पार्कातला सिंह तिला अजून आठवतो, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे तो हातभर अंतरावर होता आणि तिच्याकडंच बघत होता. मी पुण्यात नोकरीला लागल्यावर ती एकदा राहायला आली, तेव्हा तिला कात्रजला नेलं. तळं, झाडी, लांबच लांब रस्ते, खंदकापलीकडं वाघाचं रान. वाघ एका झुडपामागं झोपलेला. बाहेर पडताना मावशी म्हणाली, "एवढं चालवलंस आणि नुसती शेपटी दाखवलीस व्हय रं? ह्याला काय बघणं म्हणायचं?"

मला ही तक्रार फार मोलाची वाटते. प्राणिसंग्रहालय खरोखर बदललं की नुसतं रंगवलं, हे ओळखायची याच्याइतकी साधी कसोटी मला सापडलेली नाही: तिकीट काढून आलेल्या माणसाकडं पाठ फिरवून आत निघून जायची सोय प्राण्याला आहे का?

हे एवढं साधं असेल तर त्यावर लिहायचं कशाला, असं वाटेल. पण जुलै 2025 पासून आमच्या शिरोळ तालुक्यात एका हत्तिणीवरून जे काही झालं, त्यात दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं आणि हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. हत्तिणीकडं मी येतोच. आधी थोडं मागं जाऊ.

प्राणी ठेवायचा तो दाखवायला, ही गोष्ट महापालिकेच्या फार आधीची आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकारानं 1790 मध्ये काढलं. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी हरणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, आणि हत्तींशी माणसं झुंजायची ती साठमारीची जागा अजून दाखवतात. आजही शाळेची सहल नव्या राजवाड्यावर गेली की पोरं शस्त्रं आणि भुसा भरलेले वाघ बघून कंटाळतात आणि आवारातल्या छोट्या प्राणिसंग्रहालयातल्या हरणांपाशी येऊन जिवंत होतात. हत्यारं, मेलेली जनावरं आणि जिती जनावरं, सगळं एकाच फेरीत. संस्थानिकाच्या वैभवाची यादी म्हणून ते वाचलं तर त्यात काही विसंगत नाही.

पुढं वैभवाची जागा करमणुकीनं घेतली आणि करमणुकीबरोबर अपराधीपणाही आला. गजांमागं येरझाऱ्या घालणारा वाघ बघवेना. यावरचा पहिला मोठा उपाय जर्मनीत निघाला. हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्यानं 1907 मध्ये गज काढून खंदक खणले, खोटे डोंगर उभारले, आणि सिंह मोकळा आहे असं वाटायला लागलं. कुणाला? बघणाऱ्याला. या हागेनबेकनं त्याआधी दूरदेशची माणसंही अशीच आणून, झोपड्या बांधून, तिकीट लावून दाखवली होती. आपल्याकडं आज 'नैसर्गिक अधिवास' या नावानं जे बांधलं जातं, त्यातलं बरंचसं या माणसाच्या कल्पनेतून आलेलं आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

प्राण्याच्या बाजूनं विचार केला तो हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं. त्यानं बासेल आणि झुरिकची प्राणिसंग्रहालयं चालवली. प्रत्येक रानटी प्राण्याचं एक पळण्याचं अंतर असतं, असं त्यानं मांडलं. त्याच्या आत कुणी आलं की प्राणी लांब सरकतो. सरकायला जागाच नसेल तर तो सतत ताणात राहतो, खाणंपिणं उत्तम असलं तरी. म्हणजे पिंजरा किती चौरस मीटरचा आहे, एवढ्यावर भागत नाही. त्या चौरस मीटरांत माणसाच्या नजरेआड जाता येईल असा एक कोपरा आहे का, हेही मोजावं लागतं. मावशीला आठवणारा तो सिंह तिच्याकडं बघत होता, यात मला शंका नाही. दुसरीकडं कुठं बघणार होता?

आपल्या कायद्यात या विचाराची एक बारीक खूण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 मध्ये दुरुस्ती झाली, 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, आणि त्यांच्या नियमांनुसार प्रत्येक प्राणिसंग्रहालय आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवावं लागतं. कात्रज बुधवारी बंद असतं. आम्ही टीमबरोबर एकदा बुधवारीच तिकडं जायचा बेत आखला होता आणि ऐन वेळी हे कळून सगळे वैतागले होते. मला आता तो नियम त्या सगळ्या कायद्यातला सर्वांत सभ्य नियम वाटतो. सातातला एक दिवस वाघ कुणाचाच कार्यक्रम नसतो.

ज्यांच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात नावापुढं हिरवा ठिपका जळत असतो, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दहा मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा. आपण काम करतोय की नाही यापेक्षा आपण दिसतोय की नाही, याचा ताण जास्त असतो. वाघाची आणि माझी तुलना फार ताणणार नाही, मला महिन्याला पगार मिळतो. पण दिसत राहण्याचा शीण हा खाण्यापिण्यानं भरून निघणारा शीण नव्हे, एवढं मला अनुभवानं कळतं.

मार्च 2024 मध्ये कात्रजचा एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. उद्यान बंद केलं, शोधाशोध झाली, आणि दुसऱ्या दिवशी रात्री तो आवारातच सापडला. बातम्यांत सुरक्षेतल्या ढिलाईवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच की बाहेर पडल्यावर त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर तो दिसेनासा झाला.

आता हत्तिणीबद्दल.

महादेवी, लोकांच्या तोंडी माधुरी, 1992 मध्ये लहान असताना नांदणीच्या जैन मठात आली. शिरोळ तालुक्यातलं कुठलंही मोठं पंचकल्याणक, मिरवणूक, स्वागत तिच्याशिवाय झालं नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या पिढीला तिची सोंड पाठ आहे. प्राणिहक्क संघटनेनं तक्रार केली, उच्चाधिकार समितीपुढं प्रकरण गेलं. तपासणी अहवालांत पायांचे आजार, संधिवात, एकटेपणातून आलेलं डोकं हलवत राहणं नोंदलं गेलं. आपण काळजी घेत होतो, असं मठाचं म्हणणं होतं. 16 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं हत्तिणीचं हित धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा वर ठेवलं, सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं, आणि जुलै संपता संपता तिला गुजरातेत जामनगरला 'वनतारा'त नेलं. निरोपाला अख्खं गाव रडत होतं. 3 ऑगस्टला हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पायी गेले. गावोगावी लोकांनी जिओची सिमकार्डं पोर्ट केली. त्या आठवड्यात माझ्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता.

पुण्या-मुंबईतल्या माझ्या बऱ्याच मित्रांना हे सगळं हास्यास्पद वाटलं. मला ते तसं वाटत नाही. प्राणिसंग्रहालयांच्या बाजूनं नेहमी केला जाणारा युक्तिवाद असा की माणूस जे बघतो त्यावरच प्रेम करतो. न पाहिलेल्या प्राण्यासाठी कुणी रस्त्यावर उतरत नाही. नांदणीनं तो युक्तिवाद शब्दशः खरा करून दाखवला. 33 वर्षं रोज बघितल्याशिवाय एका जनावरासाठी एवढी माणसं चालत कोल्हापूरला जात नाहीत. ज्यांनी आयुष्यात हत्ती फक्त रीलमध्ये बघितला, त्यांनी या रडण्याला नाटक म्हणावं, हे मला पटत नाही.

पण प्रेम खरं होतं म्हणून प्रश्न सुटत नाही. आपल्याकडं बघण्याला दर्शन म्हणतात, आणि दर्शन ही एकेरी गोष्ट नाही अशी श्रद्धा आहे: आपण देवाला बघतो, देव आपल्याला बघतो. देवाच्या बाबतीत निदान दार बंद होतं. दुपारी पडदा ओढतात, रात्री शेजारती होते, आणि त्या वेळी कुणी दर्शनाचा हट्ट धरत नाही. हत्तिणीला मात्र आपण देवाचा मान दिला आणि देवाचा पडदा दिला नाही. ती दारात उभी, मिरवणुकीत उभी, येईल त्याच्या डोक्यावर सोंड ठेवायला उभी. साखळीबद्दल पुष्कळ वाद झाला. साखळी सोडली असती तरी तिला जायला नजरेआडचं काय होतं, हा वाद झाला नाही.

आणि हाच प्रश्न मला दुसऱ्या बाजूलाही विचारायचा आहे. वनतारा सर्वसामान्यांसाठी खुलं नाही. म्हणजे माझ्या कसोटीवर ते सर्वांत वर यायला हवं. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तपास पथकाच्या अहवालानंतर त्याला कायदेशीर आक्षेपांतूनही मोकळीक मिळाली. तरीही ती तिथं पोचल्यावर काही दिवसांतच तिचे व्हिडिओ आले: माधुरी पाण्यात, माधुरी उपचार घेताना, माधुरी नव्या सोबतिणीसह. शिरोळमधला राग शांत करायला ते लागले असतील, मी समजू शकतो. आमच्या घरी ते सगळ्यांनी दहा-दहा वेळा बघितले, मीही बघितले, आणि तिचे पाय बरे दिसतात का ते झूम करून पाहिलं. पण त्यात ती पुन्हा कुणाच्या तरी चांगुलपणाचा पुरावा म्हणून उभी होती. नांदणीत ती श्रद्धेचा पुरावा होती. जागा बदलली, उपचार नक्कीच बदलले. पुरावा म्हणून उभं राहण्याचं काम तेवढं सुटलं नाही. तुरुंगातून रुग्णालयात जावं आणि तिथंही भेटीची वेळ चोवीस तास असावी, तसं काहीसं.

बघितल्याशिवाय प्रेम नाही, हे मान्य करूनही मला वाटतं की बघण्याची दुसरी एक तऱ्हा आमच्याच तालुक्यात चालू आहे. कृष्णेच्या सांगलीकडच्या पट्ट्यात मगरी आहेत. पावसाळा सरला की कुठल्यातरी गावात कुणीतरी धापा टाकत येतं, "मगर दिसली!" लोक काठावर पळतात. अर्ध्या वेळा काहीच नसतं. कधी पाण्यावर दोन डोळे असतात आणि कुणी मोबाइल काढेपर्यंत तेही जातात. मगर लाडकी नाही. नदीकाठच्या शेतकऱ्याला तिची भीती आहे आणि ती खरी आहे, काठावरच्या माणसांवर हल्ले झालेले आहेत. पण तिच्याबद्दल बोलताना माणसं आवाज खाली आणतात. हत्तिणीबद्दल बोलताना आपण 'आमची' म्हणतो. मगरीला कुणी 'आमची मगर' म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये वनतारानं नांदणी परिसरातच माधुरीसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात उपचारासाठी पाण्याचं कुंड आहे, पोहायला मोठं तळं आहे, लेझर उपचारांची खोली आहे, रात्रीचा निवारा आहे, साखळीविना फिरायला मोकळी जागा आहे, पायांसाठी रबराची जमीन आणि अंग टेकायला वाळूचे ढीग आहेत. यादी वाचून बरं वाटलं. इंजिनिअर असल्यामुळं असेल, मी त्या यादीत काय नाही तेही शोधलं. माणसं कुठं उभी राहणार, हे त्यात नाही. ती घरी आली तर पहिल्याच रविवारी जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगलीहून गाड्यांची रांग लागणार, नारळ-केळी घेऊन लोक येणार, गेटबाहेर उसाच्या रसाचा गाडा लागणार. हे सगळं प्रेमानं होणार.

म्हणून माझी सूचना एवढीच की आराखड्यात आधी कुंपणाची आणि झाडांची रेषा काढावी, मग तळ्याची. कुंपणाच्या आत बांबूची दाट रांग हवी, हत्ती पलीकडं गेला तर पाठही दिसणार नाही एवढी दाट. आमच्याकडं उसाइतकी लपायला चांगली जागा दुसरी नाही, पण ऊस तिच्यापुढं टिकणार नाही. आणि फाटकावर बंदचे दिवस लिहिलेले हवेत. कायद्यानं प्राणिसंग्रहालयाला एक दिवस सांगितला आहे. मला विचाराल तर मी सहा लिहीन. मावशी म्हणते, एक पुष्कळ झाला, आणि तोसुद्धा अमावस्या सोडून. आमचं अजून ठरलेलं नाही.