दाणा न टिपणारी कोंबडी

पत्राच्या या पानावर प्रार्थना, पश्चात्ताप, मंडळीची शिस्त असे विषय यावयाचे. तेथें आज आम्ही एका आजारी कोंबडीची हकीकत मांडीत आहों हें पाहून कोणी वाचक हंसेल. त्यानें खुशाल हंसावें. पण शेवटपर्यंत वाचावें. कारण ज्या घरांत हा प्रश्न निघाला त्या घरांत त्या दिवशीं कोणी हंसत नव्हतें.

नाशिकच्या पश्चिमेस एका खेड्यांत आमच्या एका उपदेशकबंधूंचें घर आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस उपासनेनिमित्त आम्ही तेथें मुक्कामास होतों. त्यांच्या धाकट्या मुलीनें एक कोंबडी पिलापासून वाढविली होती. ती मुलीच्या तळहातावरून नाचणी टिपी, आणि शाळा सुटण्याच्या वेळेस उंबऱ्याशीं येऊन उभी राही. ती कोंबडी दोन दिवस कांहीं खात नव्हती. पंख फुगवून, मान आंत ओढून, डोळे मिटून ती चुलीमागच्या कोपऱ्यांत बसली होती. तांदळाच्या कण्या पुढें टाकल्या तरी चोंच लावीना.

घरांत निरनिराळीं मतें निघालीं. आजीबाई म्हणाल्या, “मरायच्या आधीं सुरी फिरवा, निदान कालवण तरी होईल.” मुलीचे काका म्हणाले, “उद्यां बुधवार आहे. नाशिकच्या बाजारांत पहाटेंच नेतों. अंधारांत डोळे कोण बघतो?” शेजारीण म्हणाली, “देवीचा कोप दिसतो, नवस बोला.” मुलगी आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “पाळकसाहेब, कोंबडीसाठीं प्रार्थना केलेली चालते का?” ती बाहेर गेल्यावर उपदेशकबंधूंनीं आपला प्रश्न काढला: “गांवांत माणसें आजारी असतां एका पाखरासाठीं एवढा जीव पाखडावा काय?”

मुलीच्या प्रश्नाचें उत्तर आधीं देऊं. आपल्या प्रभूनें चिमण्यांचा बाजारभाव सांगितला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत एका नाण्यास दोन चिमण्या मिळतात. लूकाच्या शुभवर्तमानांत दोन नाण्यांस पांच. हिशेब करून पाहा: दोन नाण्यांस चारच यावयाच्या, पांचवी दुकानदारानें वर टाकलेली आहे. तिला भावच नाहीं. आणि प्रभु सांगतो कीं, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाहीं. नाथान संदेष्ट्यानें दावीद राजाला जी गोष्ट सांगितली तिच्यांतल्या गरिबाचें कोंकरूं मुलांबरोबर वाढलें, त्याच्या घासांतलें खाई, त्याच्या प्याल्यांतलें पिई, त्याच्या कुशींत निजे. जनावराला जीव लावणें ही सुखवस्तु लोकांची चैन आहे असें म्हणणाऱ्यांनीं ती गोष्ट पुन्हा वाचावी. तें प्रेम एका गरिबाचेंच होतें, आणि संदेष्ट्यानें त्याची थट्टा केली नाहीं; उलट त्याच प्रेमाच्या आधारें राजाची सद्सद्विवेकबुद्धि जागी केली. म्हणून आम्हीं मुलीबरोबर गुडघे टेकले आणि दोन वाक्यांची प्रार्थना केली.

पण प्रार्थनेवरून उठल्यावर हात रिकामे ठेवावयाचे नसतात. प्रेमाला माहितीची जोड नसेल तर तें रडतें आणि घात करितें. कोंबडी आपलें दुखणें लपविते. जी अशक्त दिसते तिला बाकीच्या टोचतात. म्हणून चालवेल तोंपर्यंत ती बरी असल्यासारखी वागते. ती उघडपणें खाणें सोडते तेव्हां दुखणें बहुधा जुनें झालेलें असतें. मंडळींतलीं कांहीं माणसेंही अशींच असतात, हें उपदेशकांनीं लक्षांत ठेवावें.

आम्हीं प्रथम कोंबडी इतरांपासून वेगळी केली आणि पडवींतल्या खोपटांत, वारा लागणार नाहीं अशा ठिकाणीं, कोरड्या गोणपाटावर ठेविली. कोंबडीच्या अंगाची ऊब आपल्याहून अधिक, सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते. उपाशी पक्ष्याला ती राखणें कठीण जातें. मुलीच्या आईनें नाकातोंडास फडकें बांधून तिच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चांचपली. रात्रभरांत ही पिशवी रिकामी व्हावयास हवी. सकाळींही ती भरलेली व टणक लागली, तर अन्न अडकलें आहे असें समजावें आणि वर दाणा घालूं नये. हिची पिशवी रिकामी होती, पण शीट हिरवट व पातळ होती. मग गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ घातलेलें कोमट पाणी थेंबाथेंबानें चोंचीच्या टोंकाशीं लाविलें. तें तिचें तिनें गिळावें. जिभेच्या बुडाशींच श्वासनळीचें तोंड असतें. चोंच फांकवून पाणी ओतलें तर तें फुप्फुसांत जातें आणि पक्षी गुदमरतो.

मुलीला मात्र आम्हीं दूर बसविलें. पक्ष्याचा कोणता रोग माणसाला बाधेल हें डोळ्यांनीं कळत नाहीं. तिला तें फार निष्ठुर वाटलें. प्रेम करणाऱ्यानें कधीं हात मागें घ्यावा लागतो, हा धडा त्या वयांत कठीण. आपल्या वयांतही तो सोपा नाहीं.

संध्याकाळीं मुलीच्या आईनें भाताची गोळी वळली आणि ती कोंबडीच्या घशांत कोंबावयास निघाली. “दोन घास पोटांत गेले म्हणजे बरें वाटेल,” ती म्हणाली. आम्हीं विचारलें, “बाई, कोणाला बरें वाटेल?” ती थबकली. हा प्रश्न आम्हीं तिला विचारला खरा, पण तो आमचाही होता. म्हातारें माणूस अखेरच्या दिवसांत अन्न नाकारतें, तेव्हां आपण पेजेचा चमचा घेऊन त्याच्या मागें लागतों. पुष्कळदां तो चमचा त्याच्या भुकेसाठीं नसून आपल्या मनाच्या तगमगीसाठीं असतो; आपण कांहीं केलें एवढें समाधान आपल्याला हवें असतें. ज्याला उपचारानें गुण येण्याजोगा आहे त्याला वैद्याच्या सांगण्यानें आग्रहानें भरविणें हें कर्तव्य आहे. पण जो जीव खाऊंच शकत नाहीं त्याच्याजवळ पाणी ठेवून, ऊब देऊन, नुसतें बसून राहणें हीही सेवाच आहे, आणि ती अधिक जड जाते. त्या माउलीनें गोळी खालीं ठेविली.

आतां काकांच्या बाजाराविषयीं. येथें आम्हांस आपलाच एक दोष कबूल करावयाचा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या घरची एक झुरणारी कोंबडी आम्हीं अशीच बाजारांत विकली. घेणारी एक परगांवची म्हातारी होती. तिनें पदराच्या गांठींतले पैसे मोजून दिले. त्या कोंबडीनें तिच्या खुराड्यांत काय नेलें, हें आम्हांस आजवर कळलें नाहीं. पैसे किती मिळाले तें विसरलों. ती पदराची गांठ विसरलों नाहीं.

रोग डालग्यांत बसून प्रवास करितो. आपण ज्याला मानमोडी म्हणतों तो रोग भारतांत राणीखेत येथें ओळखला गेला म्हणून त्याला राणीखेतही म्हणतात. त्यांत पक्षी खाणें सोडतो, हिरवट शीट टाकतो, पुढें मान वांकडी होते. आणि एका पक्ष्यापासून साऱ्या आळीचीं खुराडीं ओस पडतात. २००६ सालच्या फेब्रुवारींत आमच्या नाशिक विभागांतल्याच नवापूर येथें भारतांत प्रथमच बर्ड फ्लू आढळला. त्या वेळीं लाखों पक्षी मारून पुरावे लागले. हा रोग क्वचित् माणसालाही होतो, आणि तो बहुधा आजारी किंवा मेलेला पक्षी हाताळणाऱ्याला. म्हणून आजीबाईंची सुरीही आम्हीं थांबविली. कोंबडी मारून खाणें ख्रिस्ती माणसाला निषिद्ध नाहीं. पण अज्ञात रोगानें मरणारी कोंबडी सोलणें व लेकरांच्या ताटांत वाढणें ही काटकसर नव्हे. आणि आपण जी घरांत खाऊं धजत नाहीं ती शेजाऱ्याला विकणें हें तर उघड पाप आहे. आपल्याला लोकांनीं जसें वागवावें असें वाटतें तसें लोकांना वागविण्याची प्रभूची आज्ञा बाजारच्या दिवशीं उठवून ठेवलेली नाहीं.

शेजारणीच्या देवीविषयीं थोडेंच लिहितों. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं रोगराईच्या वेळीं मरीआईला कोंबडीं वाहिलीं. तीं माणसें भ्यालेलीं होतीं, त्यांची चेष्टा आपण करूं नये. पण तें भय आपल्यावरून उतरलें आहे. दुखणें हा कोप नव्हे, आणि पाखराचें रक्त हें आपलें मोल नव्हे. ज्या अंगणांत पूर्वीं कोंबडी केवळ नवसाची वस्तु होती, त्या अंगणांत आज तिला पाणी पाजण्यास कोणी रात्रीं उठतें, हाही सुवार्तेचाच एक परिणाम आम्ही मानितों.

राहिला उपदेशकबंधूंचा प्रश्न, आणि तो सर्वांत खरा आहे. माणूस पुष्कळ चिमण्यांहून मोलाचा आहे, असें प्रभूच सांगतो. आमच्या नाशिकचें शरणपूर याची साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकांत चर्च मिशनरी सोसायटीनें वसविलेल्या त्या वस्तींत आफ्रिकेंतील गुलामगिरींतून सोडविलेलीं मुलें वाढलीं. १८७४ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर इंग्लंडास गेलेला जेकब वेनराइट हा तेथलाच विद्यार्थी. ज्या लेकरांचा बाजारानें भाव ठरविला होता त्यांना तेथें भावाविना जवळ केलें. तें ऋण पहिलें; कोंबडीची व माणसाच्या लेकराची बरोबरी कोणी करूं नये. आजारी शेजाऱ्याचें दार चुकवून जो कोंबडीपाशीं बसतो त्यानें दयेचा क्रम उलटा केला. पण त्या घरीं तसें नव्हतें. कोंबडीवर गुळाचा खडा, एक गोणपाट आणि थोडी झोप एवढाच खर्च झाला. त्याच रात्रीं मुलीची आई, कोंबडीला पाणी दाखविल्यावर, हात साबणानें धुऊन, वस्त्र बदलून, पलीकडच्या तापकरी बाईकडे पेज घेऊन गेली. मुक्या जीवासाठीं उठलेल्या माणसाला दुसरें दार दूर वाटत नाहीं, असें आम्हीं पाहिलें. आणि काकांना बाजारापासून रोखलें तें कोंबडीच्या प्रेमानें नव्हे, तर त्या अनोळखी खरेदीदाराच्या काळजीनें. दया खरी असली तर ती अशी कोंबडीपासून माणसापर्यंत जाते. कोंबडीपाशींच थांबली तर ती नुसती माया.

दुसऱ्या दिवशीं उपदेशकबंधू तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेले. डॉक्टरांना मानमोडीचा संशय आला. त्या रोगावर औषध नाहीं, लस आधींच द्यावी लागते, असें त्यांनीं सांगितलें. गुरुवारीं पहाटे कोंबडी मेली. काकांनींच खोल खड्डा खणला, वर चुना टाकला, आणि खुराडें झाडून केर जाळला. त्यांचें डालगें बुधवारभर भिंतीला उपडें राहिलें होतें.

मुलीनें विचारलें, “माझी कोंबडी स्वर्गांत दिसेल का?” शास्त्रांत जें स्पष्ट सांगितलेलें नाहीं तें आम्हीं तिला सांगितलें नाहीं. एवढेंच म्हणालों कीं, सारी सृष्टि मुक्तीची वाट पाहत कण्हत आहे असें पौलानें रोमकरांस लिहिलें आहे, आणि जो पांचवी चिमणी विसरत नाहीं त्याच्या हातीं ती सोंपवून द्यावी. ती गप्प बसली. मग पाणी पाजण्याची वाटी घासावयास गेली.

उपदेशकबंधूंनो, एक काम मात्र आपल्या हातीं आहे. मानमोडीच्या लशीची एक कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांपुरती असते, ती थंड ठेवावी लागते आणि कालविल्यावर थोड्याच वेळांत वापरून टाकावी लागते. घरटी पांच-सात कोंबड्या असणाऱ्याला ती एकट्यानें परवडत नाहीं. म्हणून खेड्यांत कोणीच देत नाहीं. पुढच्या रविवारीं उपासनेनंतर निरोगी कोंबड्यांची घरवार मोजणी करा, ख्रिस्ती व ख्रिस्तीतर दोघांच्याही, आणि डॉक्टरांना विचारून लशीचा दिवस ठरवा. त्या खेड्यांत तो ठरला आहे, आणि वहींत नांवें लिहिण्याचें काम त्या मुलीनें मागून घेतलें आहे.