गाडी तीच, की दुसरी?

भरवशाची नवी मोटारसायकल देऊन त्या बदल्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीची, मूळ रूप पालटलेली गाडी घेणे हा हिशेबाने तोट्याचा व्यवहार आहे. नवी गाडी बटण दाबताच सुरू होते, ॲव्हरेज देते, तिचे सुटे भाग कुठेही मिळतात. छत्रपती संभाजीनगरात तर हा व्यवहार जास्तच विचित्र दिसतो, कारण १९८५ पासून वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आहे आणि भरवशाची दुचाकी बनवणे हा या शहराचा रोजचा धंदा आहे. तरीही लोखंडी इंजिनाची बुलेट, येझदी, राजदूत, आरएक्स १०० यांच्यासाठी पैसे मोजणारे मिळतात. त्यातल्या पुष्कळ गाड्या जुन्या म्हणाव्यात तर तशा उरलेल्या नसतात. मागचा मडगार्ड कापून बॉबर केलेली असते, किंवा हँडल खाली घेऊन कॅफे रेसर. टाकी एका गाडीची, पुढचा शॉकॲब्सॉर्बर दुसरीचा, डिस्क ब्रेक तिसरीचा. ज्या जुनेपणासाठी घेणारा भरवसा सोडतो, तो जुनेपणा अशा गाडीत नेमका कुठे असतो, हा प्रश्न मग हौसेचा राहत नाही. तो तत्त्वज्ञानाचा होतो.

या प्रश्नाचे एक जुने आणि नेटके उत्तर ज्याच्या नावावर आहे, त्याचे नाव याच शहरातल्या एका परिसराला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि परिसर नागसेनवन. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मिनँडर, भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारतो. नागसेन म्हणतो, हे नाव केवळ व्यवहारापुरते. त्यामागे कायमचा कुणी नाही. राजा चकित होतो, तेव्हा नागसेन उलट विचारतो: महाराज पायी आलात की रथातून? रथातून, असे राजा सांगतो. मग आस म्हणजे रथ का? चाके? सांगाडा? जू? लगाम? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो. सगळे भाग मिळून रथ का, भागांवेगळा काही रथ आहे का, यालाही तो नाहीच म्हणतो. शेवटी राजाच कबूल करतो की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते. नागसेनाला एवढेच हवे असते. माणसाचेही तसेच आहे, असे सांगून तो वजिरा भिक्खुणीच्या गाथेचा दाखला देतो.

रथाच्या जागी बुलेट ठेवली तरी संवाद अडत नाही, उलट धारदार होतो. मिलिंदाच्या रथाचे भाग निदान एकाच रथाचे होते. इथे ते चार गाड्यांचे असतात, आणि काढलेले मूळ भाग कुठेतरी दुसऱ्या गाडीवर चढलेले असतात. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने हीच अडचण मांडली होती. थिसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवून त्यांचेच पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? बौद्ध उत्तराला या कोड्याचा त्रास होत नाही. आधीच्या अवस्थेवर अवलंबून नंतरची अवस्था येते, अशी एक धारा असते. रात्रीच्या पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत ना एक, ना वेगळी, हा दृष्टांत नागसेनाचाच आहे.

न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खराच असतो. धागे हे कापडाचे समवायी कारण, धाग्यांचा संयोग हे असमवायी कारण, विणकर हे निमित्त कारण; आणि या साऱ्यांतून झालेले कापड ही धाग्यांपेक्षा स्वतंत्र वस्तू. पैठणी आणि हिमरू विणणाऱ्या मुलुखात हे उदाहरण परके वाटू नये. पण खरेपणाची किंमत मोजावी लागते. कापडातला एक धागा काढला की जुने कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांतून नवे ‘खंडपट’ उत्पन्न होते. हा नियम गाडीला काटेकोर लावला तर क्लच प्लेट बदलताच जुनी बुलेट संपते आणि मिस्त्रीच्या हातून नवी जन्मते. म्हणजे जगातली कोणतीही मोटारसायकल तिच्या शेवटच्या दुरुस्तीपेक्षा जुनी नसते. तर्क निर्दोष असला, तरी जुन्या गाडीच्या मालकाला तो पटवून देणे कठीण आहे.

धर्माचा व्यवहार तिसरीच वाट धरतो. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसले यांनी केला आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ते पुन्हा बांधून काढले. दगड बदलले, कळस बदलला, तरी ज्योतिर्लिंग तेच, याविषयी कोणत्याही भाविकाला शंका नाही. पुरीला याहून पुढची रीत आहे. नवकलेवरात जगन्नाथाची लाकडी मूर्तीच नवी घडवतात आणि जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ तिच्यात ठेवतात. २०१५ साली हा विधी झाला. एक गाभा जपला की बाकी सारे बदलता येते, हे या रीतीचे सूत्र. मोटार वाहन कायद्याचे सूत्रही बरेचसे असेच आहे, फक्त गाभ्याच्या जागी चेसिस क्रमांक असतो. टाकी, सीट, चाके काहीही असो, आरसी बुकातला क्रमांक सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाशी जुळला तर गाडी ती. मात्र कायदा देवळाइतका उदार नाही. कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या वाहनांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला, पण मूळ रूप टिकले असेल तरच. बॉबर केलेली बुलेट त्यात बसत नाही. कायद्याच्या नजरेत ती जुनीही नाही आणि नीट नवीही नाही.

नैतिक प्रश्न याहून वेगळा आहे: नवी गाडी देऊन जुनी घेण्याचा व्यवहार शहाणपणाचा की मोहाचा? कठोपनिषदातला श्रेय आणि प्रेय, म्हणजे हिताचे आणि आवडीचे, हा भेद इथे सहज आठवतो, आणि नवी गाडी श्रेय, जुनी प्रेय अशी वाटणीही चटकन सुचते. ती चुकीची आहे. त्या कथेत यम नचिकेत्याला रथ देऊ करतो आणि तो नाकारतो. उपनिषदाच्या हिशेबात दोन्ही गाड्या प्रेयाच्याच बाजूला पडतात.

फरक पडतो तो लक्ष देण्यात. लोखंडी इंजिनाची बुलेट सुरू करताना ॲमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळू दाबावी लागते. मग डिकॉम्प्रेसरची खिट्टी ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, खिट्टी सोडायची आणि पूर्ण वजनाने एकच किक. टायमिंग फार पुढे असेल तर किक उलटी बसते आणि पोटरीला चांगलाच धडा मिळतो. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये नव्वद मिलिमीटर वरखाली करणारा पिस्टन या घटकेला कुठे आहे, हे चालवणाऱ्याला पायातून कळते. नव्या गाडीत हेच काम इंजेक्शन आणि संगणक गुपचूप करतात, त्यामुळे गाडी एकसंध, स्वयंभू वस्तू वाटते. जेटमध्ये कचरा अडकला की जुनी गाडी क्षणात भागांत विखुरते. प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, वायर असे एकेक तपासताना नागसेनाचे सगळे प्रश्न रस्त्याच्या कडेला पुन्हा विचारले जातात. रॉबर्ट पिर्सिगच्या १९७४ च्या प्रसिद्ध पुस्तकातला मित्र बीएमडब्ल्यू चालवतो, पण तिच्या दुरुस्तीत हात घालायला तयार नसतो. तिथेही वाद यंत्राच्या दर्जाचा नाही, या नजरेचाच आहे.

पण ही नजर आपोआप येत नाही. सिग्नलला लोकांनी वळून पाहावे म्हणून घेतलेली जुनी गाडी आसक्ती सोडवत नाही, वाढवते. दसऱ्याला तिच्या हँडलला झेंडूची माळ घालणे हा शस्त्रपूजेचाच भाग आहे. पूजा अवजाराची होते, मालकीची नव्हे, एवढा विवेक त्या विधीत आहे; पाळला जातोच असे नाही.

‘गाडी कायमची अशी काही नाही’ हे एकदा मान्य केले की एक पळवाट उघडते, आणि ती मिलिंदानेच दाखवून दिली आहे. जे मेले आणि जे पुन्हा जन्मले ते एकच नसेल, तर पापाची फळे कुणाला? नागसेन आंब्यांच्या चोराचे उदाहरण देतो. तू लावलेले आंबे वेगळे आणि मी तोडलेले वेगळे, असे चोर म्हणू लागला तरी तो सुटत नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्यांवर अवलंबूनच आले. जुन्या गाडीचा घेणाराही असाच बांधलेला असतो. आधीच्या मालकाने सांगाड्यावर मारलेले कच्चे वेल्डिंग, चुकीचा पिस्टन, थकलेले चलान हे सारे गाडीबरोबर येते. आणि नवी गाडी देऊन टाकणाराही लगेच मोकळा होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे देणाऱ्याने चौदा आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला मालकीबदल कळवायचा असतो. तो नोंदला नाही आणि दरम्यान अपघात झाला, तर आरसी बुकात ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाऊन भरपाईला जबाबदार राहतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे.