पूर्तधर्म आणि सावली



आपल्या सौंसर तालुक्यातील जामसांवळीचा मारुतिराय पिंपळाच्या छायेत पहुडलेला आहे. ज्याने द्रोणागिरी उचलून आणला, त्याने विसाव्यासाठी वृक्षातळीची जागा पसंत केली, यातील बोध आपण क्वचितच मनावर घेतो. पिंपळास आपण भक्तिभावाने प्रदक्षिणा घालतो. परंतु पुढच्या पिढीसाठी नवा पिंपळ लावावा व त्याकरिता गावात मोकळी जागा राखावी, हे आपणांस सुचत नाही.

धर्मशास्त्राने पुण्यकर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तळे, देवालय, अन्नदान आणि आराम हे पूर्त. येथे आराम म्हणजे उद्यान, वाटसरूने टेकावे अशी आमराई. इष्टाचा अधिकार जुन्या शास्त्रकारांनी काहींपुरताच ठेवला. पूर्ताचे द्वार मात्र सर्वांस मोकळे ठेवले. आणखी एक मर्म असे की, दानात घेणारा एक असतो. पूर्तात ‘उत्सर्ग’ असतो. कर्ता सर्व भूतमात्रांसाठी आपली मालकी सोडतो. त्यानंतर त्या सावलीवर त्याचा हक्क इतरांइतकाच, अधिक नाही. सावलीस दार नसते, आणि ती कोणाची जात विचारीत नाही.

पूर्वजांनी या धर्माला आनंदाची जोड दिली होती. कार्तिकात आवळीभोजनासाठी सारे घर गावाबाहेर जाई. एरवी पारावर वृद्धांचा विसावा आणि मुलांचा खेळ चाले. आज काय दिसते? आवळीची फांदी आणून अंगणात खोवली जाते. वटपौर्णिमेस वडाच्या डहाळ्या बाजारात विकत मिळतात. ज्याच्यापाशी दीर्घायुष्य मागावयाचे, त्याचेच हातपाय तोडावयाचे, ही कसली पूजा? दोष इतरांस देत नाही. आम्हीही अशा डहाळ्या घरी आणल्या आहेत.

परंतु गेलेले परत आणता येते. पुण्यानजीक वारजे येथे १६.८ हेक्टर उजाड टेकडीवर वन उभे राहिले. दिनांक ५ जून २०२० रोजी केंद्र शासनाने देशात २०० नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा हेच वन आदर्श म्हणून पुढे ठेवले. माणसाने मनावर घेतले की खडकावरही पक्षी परततात.

मग आपल्याला अशक्य ते काय? आपला तर संत्र्याचा मुलूख. नवी कलम लावणारा शेतकरी ती लावून निघून जात नाही. आळे करतो, कुंपण घालतो, उन्हाळ्यात पाणी तोडत नाही. आणि फळासाठी चार-पाच वर्षे धीर धरतो. तीच निष्ठा रस्त्याकाठच्या कडुनिंबास का मिळू नये? पावसाळ्यात रोप लावून छायाचित्र काढणे हा संकल्प झाला. चैत्र-वैशाखात त्याला पाणी घालणे ही उपासना होय.

जामसांवळीच्या परिसरविस्ताराचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. देवस्थाने वाढावीत, यात आनंदच आहे. मात्र कोणत्याही देवळाच्या आवारात फरशी घालताना झाडाच्या बुंध्याभोवती माती उघडी राखावी. सिमेंटने वेढलेल्या मुळांना पाणीही मिळत नाही, हवाही नाही. वैशाखात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा अनवाणी भाविकास संगमरवर नव्हे, सावली तारते.

म्हणून आपण एवढे करू या. प्रत्येक घराने सार्वजनिक जागेतील एक झाड तीन उन्हाळे सांभाळावे, आणि त्यावर आपल्या नावाची पाटी लावू नये. पाटी लावली की उत्सर्ग संपला. आपण लावलेल्या पिंपळाखाली उद्या कोणी अनोळखी वृद्ध टेकेल, कोणाचे लेकरू खेळेल. ते आपले नाव घेणार नाहीत. पण त्या मोकळ्या श्वासातच आपली पूजा मारुतिरायाच्या चरणी पोहोचेल.

॥ शुभं भवतु ॥