परिग्रहाचं माप आणि नवा प्रोसेसर

जैन गृहस्थाच्या परिग्रह-परिमाण व्रतात, म्हणजे जवळ किती बाळगायचं याला माप घालण्याच्या व्रतात, मर्यादा आधी ठरवायची असते. दुकानात शिरल्यावर नाही, आणि वस्तू हातात घेतल्यावर तर नाहीच. आप्पा, म्हणजे माझे वडील, वालचंदनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. हे अणुव्रत त्यांनी एका चातुर्मासात घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं: कपडे इतके, भांडी इतकी, सोनं इतकं. शास्त्रात बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले आहेत: क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. सगळे मोजण्याजोगे आहेत. जमीन एकरात मोजता येते, धान्य पोत्यांत. यंदा मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. ती इंदापूरहून एसटीनं बारामतीला इंजिनिअरिंगला जाते. तेव्हा माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला, की प्रोसेसर कशात मोजायचा?

बारामतीत भिगवण रोडला दुकानदारानं तो आकड्यात मोजून दाखवला. आकडा मोठा तेवढा माल नवा, असं त्याचं म्हणणं. पण आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. रायझेन 5 7520यू आणि रायझेन 5 7640यू हे दोन्ही प्रोसेसर सात हजारांच्या मालिकेतलेच. पहिल्याच्या आत 2019 सालची झेन 2 रचना आहे, दुसऱ्याच्या आत झेन 4. चारांपैकी तिसरा आकडा ही गोष्ट सांगतो, आणि तो कोणी वाचत नाही. शिवाय प्रोसेसर तोच असला, तरी पातळ यंत्रात तापला की त्याला वेग कमी करावा लागतो. म्हणजे किती नवा हे विचारून भागत नाही, कोणत्या कामाला हे विचारावं लागतं. मुलीला सी, जावा, पायथन शिकायचं आहे. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ आला की मेमरी जास्त लागेल.

मग निघाली एनपीयूची, म्हणजे प्रोसेसरमधल्या एआयची कामं करणाऱ्या भागाची गोष्ट. मायक्रोसॉफ्टनं 2024 मध्ये ‘कोपायलट प्लस’ लॅपटॉपसाठी अट घातली, की या भागानं सेकंदाला किमान 40 लाख कोटी क्रिया केल्या पाहिजेत. मी विचारलं, हिच्या अभ्यासात याचं काय काम? दुकानदार म्हणाला, “आत्ता नाही ताई, पण असू दे, लागेल कधीतरी.”

माझ्या मते परिग्रहाचा खरा उगम याच वाक्यात आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची ओळख वस्तूवरून करून दिलेली नाही, मूर्च्छेवरून करून दिली आहे. वस्तूत मन गुंतून बेभान होणं, ती मूर्च्छा. जे अजून घडलेलं नाही आणि बहुधा घडणारही नाही, त्याची भीती घालून आज पैसे मोजायला लावणं हे त्याच बेभानपणाचं काम आहे.

तरीही प्रत्येक ‘लागेल’ लोभाचं नसतं. गाळप सुरू असताना कारखान्याच्या स्टोअरमध्ये जादा बेअरिंगं असावीच लागत. मिल थांबली की शेतकऱ्याचा तोडलेला ऊस वाळतो आणि त्या उसाचं वजन घटतं. आप्पा त्या साठ्याला परिग्रह म्हणत नसत. घरात मात्र खिळ्यांचा जादा डबाही त्यांना चालत नसे. नड कोणाची आणि ती येणार हे किती पक्कं, एवढंच ते पाहत.

या कसोटीवर मला सर्वांत खटकली ती मेमरीची गोष्ट. इंटेलच्या 2024 च्या कोअर अल्ट्रा 200व्ही मालिकेत रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते, 16 किंवा 32 जीबी. त्यानं वीज वाचते, हे खरं आहे. पण नंतर एक जीबीही वाढवता येत नाही. पुढच्या चार-पाच वर्षांची गरज आजच विकत घ्यावी लागते. ज्याला संयमानं घ्यायचं आहे, त्यालाही हे यंत्र साठा करायला लावतं. रॅमचा खाचा मोकळा असलेलं यंत्र माणसाला थांबू देतं. गरज आली की पट्टी आणावी आणि बसवावी. व्रती माणसाला असंच यंत्र हवं. त्याचा प्रोसेसर एक पिढी जुना असला तरी माझी हरकत नाही.

मुलीला हे पटलं नाही. ती म्हणाली, “आई, कमी वीज खाणारा प्रोसेसर रोज थोडी वीज वाचवतो, आणि तेही वर्षानुवर्षं. त्यात हिंसा कमी नाही का? आणि मर्यादा संख्येतच का घालायची, वर्षांत का नाही?” तिचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला. स्वस्तातलं यंत्र दोन वर्षांत टाकून दुसरं आणलं, तर वहीतला रकाना शाबूत राहील आणि व्रत मोडेल. आप्पांच्या वहीत वस्तूंची संख्या होती, काळ नव्हता. त्यांची भांडी जन्मभर टिकत, म्हणून काळाचा रकाना त्यांना लागलाच नाही.

आम्ही तो घातला. लॅपटॉप एक. रॅम 16 जीबी, एक खाचा मोकळा. प्रोसेसर कमी वीज खाणाऱ्या यू मालिकेतला, झेन 4 चा, एनपीयूची अट नाही. मुदत सहा वर्षं. मधे बॅटरी बदलायची, रॅम वाढवायची, यंत्र नाही. हे सगळं मुलीनं स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि त्याखाली सही मागितली माझीही. कारण घरातला दुसरा मोबाइल, जो मी ‘असू दे’ म्हणून ठेवला आहे, तोही तिनं त्याच पानावर मांडला होता.