एक खडक, दोन जमिनी

सह्याद्रीच्या अलीकडचा आणि पलीकडचा खडक एकच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचा हा काळा बेसाल्ट. परभणी-यवतमाळकडे त्याची काळी भारी जमीन झाली, रत्नागिरीत आणि पाचगणीच्या पठारावर त्याचाच तांबडा जांभा झाला. हा फरक मुख्यतः पाण्याने पाडला. कोकणच्या आणि घाटमाथ्यावरच्या धो धो पावसाने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन नेली. उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. घाटापलीकडे पाऊस बेताचा, म्हणून तीच द्रव्यं जागेवर राहिली आणि त्यांतून स्मेक्टाइट ही चिकण खनिजं घडली. ती पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. मग हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते आणि पुढच्या पावसात खालची वर ढकलली जाते. रान स्वतःलाच उलथत राहतं.

काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब, हा समज मात्र सोडायला हवा. आपल्या काळ्या जमिनींत तो पुष्कळदा एक टक्काही नसतो.

हान्स येनी या मृदाशास्त्रज्ञाने १९४१ साली माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, जीवसृष्टी, चढउतार, मूळ खडक आणि काळ. यात पदार्थ एकच, खडक. बाकीचं सारं त्या पदार्थावर काय काय घडलं, याबद्दल आहे. मला माती अशीच समजते: ती घडून गेलेल्या गोष्टींची रचना आहे. चांगल्या जमिनीचा जवळजवळ निम्मा भाग तर पोकळीच असतो. मुळांनी, गांडुळांनी, बुरशीच्या तंतूंनी राखलेली पोकळी. तीत पाणी आणि हवा दोन्ही बेताने असली की शेतकरी वाफसा आला म्हणतो आणि पेरणीला लागतो. ओल्या रानात जड ट्रॅक्टर घातला, तर कण तेवढेच राहतात, पोकळी दबते.

तलावातला गाळ मुरमाड शेतात पसरण्याचं काम म्हणूनच मला मोलाचं वाटतं, पण अर्धं वाटतं. वाहून गेलेले कण ट्रॉलीने परत येतात, त्यांची घडण येत नाही. ती शेणखत, ताग-धैंचा आणि मुळांकडूनच, हंगामामागून हंगाम व्हायची असते. गाळ किती ब्रास टाकला याची नोंद होते. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत त्या रानात काय पेरलं, काय गाडलं, याचीही व्हायला हवी.