स्वर आपला, कान शेजाऱ्याचा

सणाच्या सकाळी भालकी, बसवकल्याण वा कलबुर्गी येथील आपल्या घरांत पंडित भीमसेन जोशींचे अभंग लागले की आवाज किंचित वाढवावा असे आम्हांस वाटते. १९५६ साली हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. कचेरीची भाषा हळूहळू कन्नड झाली. निदान घरातली मराठी भिंतीपलीकडे ऐकू जावी, अशी सुप्त इच्छा त्यामागे असते. ती समजण्याजोगी आहे. पण न्याय्य आहे काय?

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. पलीकडे कोणी आजारी असेल, कोणी रात्रपाळी करून निजला असेल. ध्वनिवर्धक लावून इतरांना ऐकणे भाग पाडण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. परंतु नियम आवाज मोजतो. शेजाऱ्याची व्यथा शेजाऱ्यानेच जाणावी लागते.

गदगच्या भीमसेनजींनी अभंगांइतक्याच तन्मयतेने कन्नड दासवाणीही गायिली. तीच दासवाणी शेजारून मोठ्याने आली, तर आमच्या कपाळाला आठी पडेल काय? पडत असेल, तर आमचे प्रेम सुरांवर नव्हते, स्वतःच्या आवाजावर होते. भाषा मुलांच्या ओठांवर टिकते. तिच्यासाठी यंत्राची कळ पिळण्याऐवजी आपण मुलांना जवळ बसवून अभंग म्हणावा. तेवढा आवाज पुरे.