आधी काय शिकलास?

एमसीए हा अभ्यासक्रम 2020 मध्ये तीन वर्षांवरून दोन वर्षांचा झाला. त्या वेळी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीसीए झालेल्यांच्या जोडीने बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही दार उघडे ठेवले. अट एवढीच की बारावीला किंवा पदवीला गणित असावे, आणि राहिलेला भाग विद्यापीठाने पूरक विषय शिकवून भरून घ्यावा. हा नियम वाचताना ब्रह्मसूत्रांवरच्या शांकरभाष्याचा आरंभ आठवतो. पहिल्या सूत्रातला पहिला शब्द ‘अथ’, म्हणजे ‘यानंतर’. पण कशानंतर? पूर्वपक्षाचे म्हणणे असे की आधी कर्मकांडाचा विचार पुरा करावा, मगच ब्रह्माकडे वळावे. आचार्य ते मान्य करत नाहीत. वेद शिकलेल्याला कर्मविचार न करताही ब्रह्मविचार करता येतो. त्यासाठी हवेत ते विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षा. मागचा विषय कोणता होता यावर अधिकार ठरत नाही, मनाची तयारी किती यावर ठरतो.

मात्र त्याच भाष्यात पुढे शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारलेला आहे. तो भाग झाकून आरंभाचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून ‘अधिकार’ या शब्दाला एक कसोटी लावायला हवी. जी उणीव अभ्यासाने भरून निघते तिची अट घालणे रास्त आहे. जन्मासारखी जी गोष्ट कशानेच बदलत नाही, तिची अट म्हणजे निव्वळ कुलूप. भिलाई या शहराचा पायाच या फरकावर उभा आहे. 1955 मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा इथे भातशेतीची गावे होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराचे लोहखनिज वितळवून पोलाद करण्याची विद्या कारखान्यातल्या कामगारांच्या घराण्यांत चालत आलेली नव्हती. ती हातांना शिकवावी लागली. छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आज याच शहरात, नेवईला आहे. पोलादाला जे लागू पडले ते संगणकाला लागू पडू नये, असे कोणते कारण आहे?

पण दार उघडणे ही अर्धीच गोष्ट झाली. आत आलेल्याचे काय करायचे, याबद्दल छांदोग्य उपनिषदातली नारदाची कथा मला अधिक मोलाची वाटते. नारद सनत्कुमारांकडे शिकायला जातो. सनत्कुमार आधी विचारतात ते तुला काय येते हे, म्हणजे त्यापुढचे सांगता येईल. मग नारद वेद, इतिहासपुराण, गणित, तर्क, नीती, नक्षत्रविद्या, सर्पविद्या अशी लांबलचक यादी सांगतो. गुरू त्यातले काही पुसून टाकत नाहीत. तिथूनच पुढे एकेक पायरी चढवत नेतात. आपले पूरक विषय मात्र विद्यार्थ्याला काय येत नाही एवढेच मोजतात. वाणिज्य शाखेचा पदवीधर घ्या. कीर्द, खतावणी, तेरीज यांत त्याची तीन वर्षे गेलेली असतात. एका खात्यातून पाचशे रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच वीज गेली, तर काय? डेटाबेस शिकवताना हा प्रश्न येतोच. उत्तर असे की दोन्ही नोंदी पुऱ्या व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. प्रत्येक नावे रकमेसमोर जमा रक्कम हवी, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शिक्षकाने तेवढा धागा जोडून दिला तर जे त्याला परके वाटते ते ओळखीचे वाटू लागेल. संस्कृतच्या पदवीधराला पाणिनीच्या सूत्रांमधली अनुवृत्ती माहीत असते. एकदा सांगितलेले पद पुढच्या सूत्रांत पुन्हा न उच्चारता चालू राहते, हा विचार प्रोग्रॅमिंग शिकताना फुकट जाणारा नाही.

यावर कोणी म्हणेल, ब्रह्मविद्येची तुलना नोकरीच्या पदवीशी करणे म्हणजे मोठ्या गोष्टीला लहान करणे. पण मुंडकोपनिषद वेदांनासुद्धा अपरा, म्हणजे खालच्या, विद्येत बसवते. नारदाची सगळी यादी आणि संगणक एकाच पंगतीत बसतात. इथे तुलना फळाची नाही, शिकवण्याच्या रीतीची आहे. दुसरा आक्षेप स्वधर्माचा. आपले सोडून परक्याचे धरू नये, हे गीतेचे सांगणे अशा वेळी हमखास पुढे केले जाते. पण अर्जुन नवे काही शिकायला निघालेला नव्हता. मोहाने ग्रासून तो समोरचे कर्तव्य टाकू पाहत होता. उदाहरण पाहा: टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद माधवराव सप्रे यांनी केला. 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे हे मराठी गृहस्थ, आणि त्यांनी आयुष्य वेचले ते हिंदीसाठी. त्यांनी स्वधर्म सोडला असे कोण म्हणेल? मराठीतले घेऊनच ते हिंदीत गेले, म्हणून तर हिंदी वाचकाच्या हाती ‘दासबोध’ही पडला.

तिसरा आक्षेप संगणकाच्या प्राध्यापकांचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. डेटा स्ट्रक्चर, विविक्त गणित यांचा पाया घाईने घातला तर वरचे सगळे कच्चे राहते. हे खरेच आहे. कीर्द-खतावणीचा धागा समजुतीला मदत करील, पण सरावाची जागा घेणार नाही. मात्र यावरून बाहेरच्यांना घेऊ नये असे ठरत नाही, त्यांना वेळ द्यावा एवढेच ठरते. छांदोग्यातच देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन आत्मा जाणून घेण्यासाठी प्रजापतीकडे बत्तीस वर्षे राहतात. पहिल्या उत्तरावर विरोचन समाधानाने परत जातो. इंद्राला वाटेतच शंका येते, आणि तो हातात समिधा घेऊन माघारी वळतो. परत का आलास म्हणून प्रजापती विचारतात, आणि शंका ऐकून आणखी बत्तीस वर्षे राहायला सांगतात. असे करत इंद्राची एकूण एकशे एक वर्षे भरतात. दोन वर्षांचा एमसीए बीसीए झालेल्याला पुरेल. इतिहास किंवा वाणिज्य शिकून आलेल्यापैकी ज्याला हवे असेल, त्याला 2020 पूर्वीचे ते तिसरे वर्ष मागून घेता आले पाहिजे, आणि गुणपत्रिकेवर ते नापासाचे वर्ष म्हणून लागता कामा नये.